निर्भय चार्ल्स ब्रॅडलॉ

मनाने काय मानावे आणि काय मानू नये, हे दुसऱ्याच्या आज्ञेने ठरत नाही. तरीही अनेक देशांतील राजसत्तांनी शतकानुशतके माणसांच्या मनावर पहारे बसवले. देशात मान्य असलेल्या धर्माविरुद्ध जो बोले किंवा लिही, त्याच्यावर धर्मनिंदेचा आरोप ठेवला जाई. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १६९७ साली टॉमस एकेनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी देण्यात आले. त्याने चोरी केली नव्हती की कोणाचा जीव घेतला नव्हता. मित्रमंडळींत बसून त्याने धर्मग्रंथांविषयी अविश्वासाचे व थट्टेचे उद्गार काढले होते, एवढाच त्याचा अपराध. पुढे फाशी बंद झाली, पण कायदा राहिला आणि त्याबरोबर तुरुंगही राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ह्या अन्यायाशी जन्मभर झुंजणारा एक पुरुष होऊन गेला. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनमधील हॉक्स्टन ह्या गरिबांच्या वस्तीत झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. तुटपुंज्या वेतनात मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवताना त्यांची फार ओढाताण होई. त्यामुळे अकराव्या वर्षीच चार्ल्सची शाळा सुटली. आरंभी तो वडिलांच्या कचेरीत निरोप पोचवण्याचे काम करी. पुढे एका कोळशाच्या व्यापाऱ्याकडे त्याला हिशेब लिहिण्याची नोकरी मिळाली. शाळा सुटली, तरी वाचनाची आवड मात्र सुटली नाही.

चार्ल्स लहानपणी नास्तिक नव्हता. उलट दर रविवारी चर्चच्या शाळेत तो लहान मुलांना मोठ्या श्रद्धेने धर्माचे पाठ शिकवी. लंडनचे बिशप लवकरच त्या भागात येणार होते. त्यांच्यापुढे मुलांची परीक्षा व्हायची होती. चार्ल्स हुशार म्हणून तेथील धर्मोपदेशक पॅकर यांनी त्याला तयारी करण्यास सांगितले. चार्ल्सने मन लावून अभ्यास आरंभला. चर्चने घालून दिलेली एकोणचाळीस तत्त्वे आणि येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने त्याने एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांचा त्याला मेळ बसेना. अशा वेळी विद्यार्थ्याने काय करावे? गुरूला विचारावे. चार्ल्सनेही तेच केले. त्याने पॅकर यांना पत्र लिहून आपल्या शंका कळवल्या आणि त्या दूर करण्याची विनंती केली.

पॅकर यांनी शंकांचे उत्तर दिले नाही. मुलगा नास्तिक झाला आहे, असे त्यांनी त्याच्या वडिलांना कळवले आणि त्याला तीन महिने शाळेत शिकवण्यास मनाई केली. रिकामे झालेले रविवार घालवण्यासाठी चार्ल्स जवळच्या एका मैदानात जाऊ लागला. तेथे धर्म आणि राजकारण ह्यांवर मोकळे वाद चालत. प्रथम तो धर्माच्या बाजूने हिरिरीने बोले. पण वाद करता करता आपल्या बाजूला पुरेसा पुरावा नाही, असे त्याला वाटू लागले. जे प्रामाणिकपणे पटले नाही, ते पटले असे म्हणणे त्याला जमेना. अखेर तीन दिवसांत मते बदल, नाहीतर नोकरीला मुकशील, अशी ताकीद त्याला मिळाली. तिसऱ्या दिवशी चार्ल्सने घर सोडले. तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

रिचर्ड कार्लाइल ह्या दिवंगत पुस्तकविक्रेत्याच्या कुटुंबाने त्याला आश्रय दिला. टॉमस पेन ह्या लेखकाचा धर्मचिकित्सेचा ग्रंथ छापल्याबद्दल कार्लाइल यांना १८१९ साली धर्मनिंदेची शिक्षा झाली होती. दंड न भरल्यामुळे त्यांचे सहा वर्षांचे आयुष्य तुरुंगात गेले. ह्याच पेन यांचा मानवी हक्कांवरील दुसरा एक ग्रंथ आपल्याकडे महात्मा फुले यांनी तरुणपणी अभ्यासला होता. कार्लाइल यांच्या घरात चार्ल्सला दोन वेळचे अन्न पोटभर मिळत नसेल, पण विचारांचे स्वातंत्र्य मात्र भरपूर मिळाले.

कोळसा विकून पोट भरण्याचा त्याने प्रयत्न केला. परंतु नास्तिकाकडून माल घेण्यास लोक कचरत. कर्ज वाढले, तेव्हा १८५० च्या अखेरीस तो सैन्यात भरती झाला. हिंदुस्थानात जाण्यास मिळेल, अशी त्याची आशा होती. प्रत्यक्षात त्याला घोडदळाबरोबर आयर्लंडमध्ये राहावे लागले. तेथे खंड थकलेल्या कुळांना जमीनदार घराबाहेर काढत, त्यांच्या झोपड्या पाडून टाकत आणि ह्या कामाला संरक्षण म्हणून सैनिक नेले जात. आजारी माणसालाही थंडीवाऱ्यात उघड्यावर आणून ठेवलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते दृश्य तो जन्मात विसरला नाही. १८५३ साली एका नातेवाईक बाईच्या मृत्यूनंतर काही पैसा हाती आला. त्यातून सुटकेचे शुल्क भरून त्याने सैन्य सोडले आणि तो लंडनला परतला.

आता ब्रॅडलॉ वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागले. दिवसा नोकरी आणि रात्री व्याख्याने असा त्यांचा क्रम होता. कायद्याची पदवी नसतानाही त्यांनी कायद्याचे असे ज्ञान मिळवले, की पुढे स्वतःचे खटले ते स्वतःच चालवीत आणि भल्याभल्या वकिलांना निरुत्तर करीत. त्यांची उंची सहा फुटांहून अधिक होती आणि आवाज भरदार होता. व्याख्यानाला कामकऱ्यांची दाटी होई. पण विरोधही तसाच होई. सभागृहे ऐनवेळी नाकारली जात, लोक अंगावर धावून येत. डेव्हनपोर्ट नावाच्या बंदराच्या गावी १८६१ साली त्यांना व्याख्यान देण्याआधीच पकडण्यात आले. सुटका होताच ते पुन्हा तेथे गेले. ह्या वेळी ते किनाऱ्यापासून काही फुटांवर पाण्यात उभ्या केलेल्या होडीत चढले आणि तेथून त्यांनी किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना व्याख्यान दिले. गावच्या अधिकाऱ्यांचा अंमल जमिनीवर होता. पाण्यावर तो चालत नव्हता!

१८६६ साली ब्रॅडलॉ यांनी राष्ट्रीय धर्मनिरपेक्ष संस्थेची स्थापना केली. त्यांचे ‘नॅशनल रिफॉर्मर’ नावाचे साप्ताहिकही होते. स्वस्त वृत्तपत्र काढणाऱ्याने धर्मनिंदा किंवा राजद्रोह करणार नाही, ह्याबद्दल सरकारकडे जामीन द्यावा, असा एक जुना कायदा त्या वेळी होता. सरकारने १८६८ साली ब्रॅडलॉ यांच्याकडे जामीन मागितला. त्यांनी तो देण्याचे साफ नाकारले. गुन्हा घडण्याआधीच संपादकाला गुन्हेगार समजणारा हा कायदा अन्यायाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्यावर सरकारने खटला भरला आहे, ही गोष्ट त्यांनी वृत्तपत्राच्या पहिल्याच पानावर छापली. सरकारला माघार घ्यावी लागली आणि पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला.

ह्याहून विलक्षण कायदा साक्षीदारांचा होता. न्यायालयात साक्ष देण्यापूर्वी ईश्वराची शपथ घ्यावी लागे. काही विशिष्ट ख्रिस्ती पंथांच्या लोकांना धार्मिक कारणासाठी शपथेऐवजी केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभा होती. नास्तिकाला मात्र ती नव्हती. मी ईश्वर मानत नाही, असे जो सांगे, त्याची साक्ष न्यायाधीश घेत नसत. ब्रॅडलॉ यांचीही साक्ष अशीच नाकारण्यात आली होती. ह्याचा परिणाम काय होई, ते पाहा. ज्याला देवाची वा सत्याची चाड नाही, असा लबाड मनुष्य खोटी शपथ घेऊन साक्षीला उभा राही. आणि जो आपले मत लपवत नाही, तो खरा माणूस बाहेर काढला जाई. सत्य शोधण्यासाठी बसलेल्या न्यायालयाने खरे बोलणाऱ्यालाच दंड करावा, ह्याहून उलटा न्याय कोणता? ब्रॅडलॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याविरुद्ध चळवळ केली. १८६९ व १८७० च्या कायद्यांनी न्यायालयात नास्तिकालाही प्रतिज्ञेवर साक्ष देण्याचा हक्क मिळाला.

परंतु ब्रॅडलॉ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लढा अजून व्हायचा होता. नॉर्दॅम्प्टन हे जोडे बनवणाऱ्या कारागिरांचे शहर. तेथील मतदारांनी १८८० साली ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटच्या कॉमन्स सभेवर निवडून दिले. नव्या सभासदाने आपल्या जागी बसण्यापूर्वी राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची असे. तिच्या अखेरीस ईश्वराचे साहाय्य मागणारे शब्द होते. ३ मे १८८० रोजी ब्रॅडलॉ सभागृहात आले आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्यांनी मागितली. सभेने नेमलेल्या समितीने अवघ्या एका मताने ती नाकारली. मग रीतीप्रमाणे शपथ घेण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यातील ईश्वरवाचक शब्दांना आपल्या दृष्टीने अर्थ नाही, तथापि दिलेले वचन आपण सर्वस्वी पाळू, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता जाहीर केले. त्यावर सभागृहात एकच गदारोळ उठला. नास्तिकाच्या तोंडी शपथ म्हणजे शपथेची विटंबना, असे विरोधक म्हणू लागले. अशा रीतीने त्यांना दोन्ही दारे बंद झाली. प्रतिज्ञा नास्तिकाला मिळणार नाही आणि शपथ नास्तिकाने घेता कामा नये! मनात श्रद्धा नसताना ओठांनी शपथ उच्चारून आत बसलेले सभासद यापूर्वी झालेच नव्हते, असे नाही. ब्रॅडलॉही गप्प राहते, तर त्यांना कोणी अडवले नसते. त्यांना मोकळेपणाचीच शिक्षा मिळत होती.

ही अडवणूक इंग्लंडला नवी नव्हती. पूर्वी याच शपथांमुळे रोमन कॅथॉलिकांना १८२९ पर्यंत पार्लमेंटची दारे बंद होती. १८४७ साली निवडून आलेल्या रॉथ्सचाइल्ड नावाच्या यहुदी गृहस्थांना आपल्या जागी बसण्यासाठी १८५८ पर्यंत थांबावे लागले होते. ज्यांनी असा छळ सोसला, ते दुसऱ्याचा छळ ओळखतील, असे आपल्याला वाटते. पण तसे घडले नाही. आयर्लंडच्या गरीब कुळांसाठी ब्रॅडलॉ वर्षानुवर्षे बोलत आले होते. तरीही आयर्लंडच्या बहुतेक कॅथॉलिक सभासदांनी त्यांच्याविरुद्ध मते दिली. उलट पंतप्रधान ग्लॅडस्टन हे अत्यंत धर्मनिष्ठ असूनही ब्रॅडलॉ यांना प्रतिज्ञेचा हक्क मिळावा, असे म्हणत राहिले. तेव्हा हा झगडा केवळ आस्तिक आणि नास्तिक यांच्यामधला नव्हता. न्याय आणि अन्याय यांच्यामधला होता.

२३ जून १८८० रोजी सभागृहातून बाहेर जाण्याची आज्ञा ब्रॅडलॉ यांनी मानली नाही. तेव्हा त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यातील कोठडीत ठेवण्यात आले. बिग बेन नावाची जगप्रसिद्ध घंटा ज्या मनोऱ्यात आहे, तोच हा मनोरा. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडावे लागले. पुढे स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून त्यांना काही महिने काम करता आले. पण शपथेवाचून मत दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. दर मतामागे ५०० पौंडांचा दंड व्हावा, असा कायदा होता. त्यांची जागा रिकामी झाली आणि निवडणूक पुन्हा घेण्यात आली. नॉर्दॅम्प्टनच्या कारागिरांनी त्यांनाच निवडून दिले. सभेने त्यांना पुन्हा अडवले.

३ ऑगस्ट १८८१ हा दिवस सर्वांत कसोटीचा ठरला. ब्रॅडलॉ यांना न्याय मिळावा, म्हणून देशभरातून आलेले हजारो लोक विनंतीअर्ज घेऊन पार्लमेंटपाशी जमले होते. काहीही झाले तरी दंगा होऊ द्यायचा नाही, हे काम ब्रॅडलॉ यांनी आपल्या सहकारी अॅनी बेझंट यांच्यावर सोपवले. ह्याच बेझंटबाई पुढे हिंदुस्थानात आल्या व १९१७ साली राष्ट्रीय सभेच्या अध्यक्ष झाल्या. ब्रॅडलॉ एकटेच आत शिरू लागले. दारातच पोलिसांनी आणि शिपायांनी त्यांना घेरले आणि जिन्यावरून ओढत, ढकलत चौकात आणून सोडले. अंगावरचा कोट फाटला होता, दोन्ही हातांना इजा झाली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एक हाक दिली असती, तरी बाहेरचा जमाव आत घुसला असता. त्यांनी ती हाक दिली नाही. आपण कायद्यासाठी भांडत आहोत, तेव्हा कायदा मोडून जिंकायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. ह्या इजेमुळे त्यांना पुढे बरेच दिवस आजार भोगावा लागला.

मतपेटीने ब्रॅडलॉ हरत नाहीत, हे पाहून विरोधकांनी दुसरा मार्ग शोधला. जॉर्ज विल्यम फूट यांच्या ‘फ्रीथिंकर’ ह्या नास्तिक मतांच्या पत्रात बायबलमधील कथांवर व्यंगचित्रे येत. त्याबद्दल १८८२ साली धर्मनिंदेचा खटला भरण्यात आला आणि त्यात ब्रॅडलॉ यांनाही गोवण्यात आले. एकदा शिक्षा झाली, की पार्लमेंटचा प्रश्नच उरणार नाही, असा हा डाव होता. नाताळच्या अंकाबद्दलच्या दुसऱ्या एका खटल्यात फूट यांना १८८३ साली एक वर्षाचा तुरुंगवास झाला. ब्रॅडलॉ यांनी मात्र आपला खटला स्वतः चालवला. त्या पत्राशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही आणि ते निर्दोष सुटले. त्याच सुमारास न्यायमूर्ती कोलरिज यांनी एक महत्त्वाचा निर्णय दिला. सभ्यतेची मर्यादा पाळून धर्माच्या मूळ तत्त्वांवर टीका केली, तर ती धर्मनिंदा होत नाही, असे त्यांनी ठरवले. मत मांडण्याच्या स्वातंत्र्याकडे टाकलेले हे एक पाऊल होते.

१८८३ सालीच प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक ग्लॅडस्टन सरकारने आणले. ते केवळ तीन मतांनी पडले. ब्रॅडलॉ यांच्यावर कर्जाचा डोंगर झाला होता आणि शरीर थकले होते, पण ते मागे हटले नाहीत. १८८० पासून १८८५ पर्यंत नॉर्दॅम्प्टनच्या लोकांनी त्यांना पाच वेळा निवडून दिले. अखेर १३ जानेवारी १८८६ रोजी नव्या पार्लमेंटचे सभापती पील यांनी ठाम भूमिका घेतली. निवडून आलेला सभासद शपथ घेण्यास उभा असता त्याला अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे सांगून त्यांनी कोणाचीही हरकत ऐकून घेतली नाही. ब्रॅडलॉ शपथ घेऊन आपल्या जागी बसले. जवळजवळ सहा वर्षांनी हा लढा संपला.

स्वतःला जागा मिळाली म्हणून ब्रॅडलॉ स्वस्थ बसले नाहीत. आपल्यामागून येणाऱ्या कोणाचीही अशी कोंडी होऊ नये, म्हणून त्यांनी नवे विधेयक मांडले. ते १८८८ साली मंजूर झाले आणि पार्लमेंटमध्ये व न्यायालयात, शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मोकळीक सर्वांना मिळाली. १८८९ साली त्यांनी धर्मनिंदेचा कायदाच रद्द करण्याचे विधेयक आणले. पण ते फेटाळले गेले. त्या कायद्यापायी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकातही माणसे तुरुंगात गेली. इंग्लंडने तो २००८ साली रद्द केला. ब्रॅडलॉ यांनी जे मागितले होते, ते देण्यास देशाला एकशे एकोणीस वर्षे लागली!

हिंदुस्थानविषयी ब्रॅडलॉ यांना विशेष आस्था होती. येथील जनतेची गाऱ्हाणी ते पार्लमेंटात इतक्या निष्ठेने मांडत, की लोक त्यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणू लागले. १८८९ साली ते मोठ्या दुखण्यातून उठले आणि डिसेंबर महिन्यात समुद्रमार्गे मुंबईस आले. राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन तेव्हा मुंबईस भरले होते. १८८९ ह्या साली आलेल्या प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने १,८८९ च होती. लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हे त्या वेळचे तरुण कार्यकर्तेही तेथे होते. ब्रॅडलॉ यांचे प्रचंड उत्साहाने स्वागत झाले. श्रोत्यांमध्ये हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक होते. हा पाहुणा ईश्वर मानत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण तो न्याय मानतो, हेही त्यांना ठाऊक होते.

मायदेशी परतल्यावर त्यांची प्रकृती पुन्हा ढासळली. २७ जानेवारी १८९१ रोजी कॉमन्स सभेने आपली चूक कबूल केली आणि ब्रॅडलॉ यांना मज्जाव करणारा १८८० सालचा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकला. ब्रॅडलॉ तेव्हा मृत्युशय्येवर बेशुद्धावस्थेत होते. आपला विजय त्यांना कळलाच नाही. ३० जानेवारी रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहाचे दफन करण्यात आले. हजारो लोकांच्या त्या समुदायात लंडनमध्ये शिकणारा एकवीस वर्षांचा एक हिंदी विद्यार्थीही होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. ईश्वरावर अढळ श्रद्धा ठेवणारा तो तरुण एका नास्तिकाला अखेरचा नमस्कार करण्यासाठी गेला होता.

आज आपल्या देशात आमदार, खासदार किंवा मंत्री अधिकारपद स्वीकारतात, तेव्हा ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. भारताच्या संविधानानेच ही मोकळीक दिली आहे. परंतु जगातील काही देशांत धर्मनिंदेबद्दल आजही तुरुंगवास होतो आणि काही ठिकाणी तर मृत्युदंडही कायद्यात आहे. ईश्वर असेल, तर त्याला पोलिसांच्या संरक्षणाची गरज नाही. आणि नसेल, तर त्याच्या नावाने माणसाला शिक्षा करण्यात काय अर्थ? भीतीने श्रद्धा निर्माण होत नाही, केवळ ढोंग निर्माण होते. जे पटले नाही ते पटले असे म्हणण्यास नकार देणारा हॉक्स्टनचा सोळा वर्षांचा मुलगा पुढे साऱ्या देशाला हेच शिकवून गेला.

स्वाध्याय

१. चार्ल्सने पॅकर यांना पत्र का लिहिले? त्याचा परिणाम काय झाला?
२. डेव्हनपोर्ट येथे ब्रॅडलॉ यांनी व्याख्यान कसे दिले?
३. साक्षीदारांच्या जुन्या कायद्यामुळे खऱ्या माणसाचेच नुकसान कसे होई, ते समजावून सांगा.
४. ३ ऑगस्ट १८८१ च्या प्रसंगातून ब्रॅडलॉ यांच्या स्वभावाचे कोणते गुण दिसतात?
५. ग्लॅडस्टन आणि गांधीजी हे दोघेही ईश्वर मानणारे होते. तरीही त्यांना ब्रॅडलॉ यांच्याविषयी आदर का वाटला असेल? आपल्या शब्दांत दहा ओळी लिहा.